नशेचा वेग

तंबाखूला चुना कशाला लावायचा, असं मळणाऱ्याला विचारलं तर 'त्याशिवाय लागत नाही' एवढंच उत्तर मिळतं, आणि ते अगदी बरोबर असतं. तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, नखभर चुना लावून अंगठ्याने घोटायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि बार ओठामागे सोडायचा. महाराष्ट्रात रोज असंख्य वेळा घडणाऱ्या या कृतीमागे नेमकं रसायनशास्त्र आहे. पानातलं बहुतेक निकोटिन आम्लांशी बांधलेलं असतं आणि त्या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून फारसं पार होत नाही. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटिन मोकळं सुटतं आणि काही मिनिटांत रक्तात उतरतं. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरातले लोक कोकाची पानं चघळताना गालात चुना किंवा राख धरतात, तेही याचसाठी. पान वेगळं, मुलूख वेगळा, पण खटपट एकच: हवं ते रसायन लवकर रक्तात कसं उतरवायचं.

नशेच्या पदार्थांचा इतिहास बराचसा या खटपटीचाच इतिहास आहे. आपण मात्र बोलतो ते नावांवरून. दारू वाईट, गांजा वाईट, एमडी त्याहून वाईट. अमुक कायद्यात बसतं, तमुक बसत नाही. शरीराच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न वेगळे पडतात. पदार्थ मेंदूत कुठे लागू होतो? किती वेगाने पोचतो? मेंदू त्याला काय प्रत्युत्तर देतो? आणि घेणारा कोण आहे, कुठल्या परिस्थितीत आहे? गेल्या सत्तरेक वर्षांतलं संशोधन या चार प्रश्नांभोवती फिरतं. त्यातला वेगाचा प्रश्न व्यसनाच्या दृष्टीने फार निर्णायक आहे, आणि घरीदारी, शाळेत, वर्तमानपत्रात होणाऱ्या चर्चेत तोच सर्वांत कमी येतो.

मेंदूतल्या आयत्या जागा

अफूच्या बोंडातल्या चिकाला माणसाच्या मेंदूत जागा कशी मिळते, हे कोडं फार दिवस सुटलं नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं की मेंदूतल्या पेशींवर अफूजन्य रसायनं चिकटतील अशा खास जागा, म्हणजे रिसेप्टर, असतात. या जागा अर्थातच अफूसाठी तयार झालेल्या नसणार. दोनच वर्षांत स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना मेंदू स्वतः बनवत असलेलं वेदनाशामक रसायन सापडलं. गांजाचीही कथा अशीच झाली. इस्राएलमध्ये राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये टीएचसी हे त्यातलं मुख्य रसायन वेगळं केलं. पुढे त्याचे रिसेप्टर ओळखले गेले आणि १९९२ मध्ये मेंदूचं स्वतःचं तसं रसायनही मिळालं.

म्हणजे नशेचा पदार्थ मेंदूत नवं काही घालत नाही. तिथे आधीपासून चालू असलेल्या कामात तो शिरतो, आणि शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत. अफू, मॉर्फिन, गांजा, निकोटिन हे मेंदूतल्या मूळ रसायनांचं सोंग घेतात. चहा-कॉफीतलं कॅफिन उलट वागतं. दिवसभर साचत जाऊन झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची जागा ते अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. एका पेशीने सोडलेलं डोपामिन हे रसायन एरवी लगेच परत ओढून घेतलं जातं. कोकेन ती ओढ बंद करतं. मेथॅम्फेटामिन आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन तर पेशीतला साठाच बाहेर ढकलतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवतात. शिवाय दारू उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. एलएसडी आणि काही जातींच्या अळंब्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर बसतात आणि दिसणं, ऐकणं, 'मी'पणाची जाणीव हे सगळं विस्कटून टाकतात.

वाटा वेगवेगळ्या असल्या तरी व्यसन लावणारे बहुतेक पदार्थ शेवटी एका ठिकाणी एकत्र येतात: मेंदूच्या खोल भागातला डोपामिनचा मार्ग. १९५४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि खटका दाबला की सौम्य वीज मिळेल अशी सोय केली. तार योग्य जागी असलेले उंदीर खटका पुन्हा पुन्हा दाबतच राहिले. या भागाला तेव्हा सुखाचं केंद्र म्हटलं गेलं, पण ते वर्णन अपुरं ठरलं. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी पुढे दाखवलं की डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या तोंडात साखर घातली तर तो चवीने ओठ चाटतो, पण समोर ठेवलेल्या साखरेपर्यंत जात नाही. आवडणं आणि हवंसं वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि डोपामिनकडे मुख्यतः दुसरं आहे. व्यसनमुक्ती केंद्रात 'आता मजा काहीच येत नाही, पण राहवतही नाही' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याची आवड विझलेली असते आणि तलफ तेवढी धगधगत असते.

जीव कशाने जातो

एखादा पदार्थ मारू शकतो की नाही, हे त्याचे रिसेप्टर कुठे आहेत यावर बरंच अवलंबून असतं. श्वासाची लय ठरवणारा भाग मेंदूच्या बुंध्याशी आहे आणि तिथे अफूजन्य रसायनांचे रिसेप्टर मुबलक आहेत. त्यामुळे हेरॉइनचा डोस जास्त झाला की माणूस तडफडत नाही. तो झोपतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात आणि श्वास थांबतो. नॅलॉक्सोन हे औषध त्या रिसेप्टरवरून अफूला हुसकावून लावतं आणि वेळेत दिलं तर काही मिनिटांत माणूस श्वास घेऊ लागतो. मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या कामगार स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजवत, अशा नोंदी १९२०च्या दशकातल्या सरकारी अहवालांत आहेत. मूल दिवसभर रडत नसे, कारण त्याचा मेंदू दबलेला असे. आणि त्याच दाबाखाली श्वासही येत असे.

गांजाचे रिसेप्टर स्मृती, भूक, हालचाल यांच्याशी संबंधित भागांत दाट आणि श्वासकेंद्रात विरळ आहेत. म्हणून गांजाने भूक खवळते, बोलताबोलता वाक्याची सुरुवात विसरायला होते, घड्याळ मंदावल्यासारखं वाटतं, छाती धडधडते; पण श्वास थांबून माणूस मरत नाही. याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नाही. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या तरुणांचा पाठपुरावा करणारा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत भरपूर गांजा ओढलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे सहापट निघालं. आधीच मनाने डळमळीत असलेली मुलं गांजाकडे वळतात का, हा वाद त्यानंतर बराच चालला. तो पूर्ण मिटला नसला तरी रोजचा आणि जास्त टीएचसी असलेला गांजा, त्यातही कोवळ्या वयात, धोका वाढवतो याकडे नंतरच्या अभ्यासांचा कल आहे.

दारूला स्वतःचा असा एक रिसेप्टर नाही. लहानसा रेणू सगळीकडे पोचतो. आधी कपाळामागचा, विचार करून आवरतं घेणारा भाग सैल होतो, म्हणून माणूस मोकळा आणि बडबडा होतो. मग लहान मेंदू, म्हणून पाय लटपटतात. पातळी फारच चढली तर श्वास. यकृत दारू ठरावीक गतीनेच मोडतं, तासाला साधारण एक लहान पेग. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, कशानेही ती गती वाढत नाही. हातभट्टीच्या नावाखाली विकली जाणारी विषारी दारू हे वेगळंच प्रकरण आहे. त्यातलं मिथेनॉल यकृतात मोडून फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याची नस जाळतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं अशीच गेली. त्यावर उपाय म्हणून दवाखान्यात शुद्ध इथेनॉल, म्हणजे दारूच, देता येते. यकृत तिच्यात गुंतून राहतं आणि मिथेनॉल विष न बनता हळूहळू बाहेर पडतं.

पोचायला लागणारा वेळ

आता वेगाकडे येऊ. डोपामिन मेंदूला शिकवतं: आत्ता जे केलंस त्याचं फळ मिळालं, पुन्हा कर. कृती आणि फळ यांत अंतर जितकं कमी, तितका धडा पक्का. सिगरेटचा धूर फुफ्फुसातून मेंदूत दहा ते वीस सेकंदांत पोचतो. एका सिगरेटचे दहा झुरके धरले तर वीस सिगरेटी ओढणाऱ्याच्या मेंदूला हा धडा दिवसातून दोनशे वेळा मिळतो. दुसरी सवय क्वचितच इतक्या वेळा गिरवली जाते.

अफूचा प्रवास पाहिला की हे अधिक स्पष्ट होतं. अफू खाल्ली तर अंमल चढायला बराच वेळ जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिख झेर्ट्युर्नर याने तिच्यातून मॉर्फिन वेगळं केलं. शतकाच्या मध्यावर इंजेक्शनची सुई आली. १८७४ मध्ये लंडनमध्ये मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ बायर कंपनीने १८९८ मध्ये हेरॉइन नावाने खोकल्यावरचं औषध म्हणून बाजारात आणला. हेरॉइन मेंदूत पोचल्यावर पुन्हा मॉर्फिनच होतं. त्याचं वैशिष्ट्य इतकंच की ते चरबीत सहज विरघळत असल्यामुळे रक्तातून मेंदूत शिरताना मॉर्फिनला लागतो तेवढा वेळ त्याला लागत नाही. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, आली तेव्हा पोरं ती चांदीच्या कागदावर खालून गरम करून नळीने धूर ओढत. सुई नाही, रक्त नाही, त्यामुळे भीतीही कमी. पण वेग सुईच्या जवळपास.

कोकाचं पान दिवसभर चघळणारा अँडीजमधला शेतकरी आणि कोकेनचे खडे जाळून ओढणारा शहरी तरुण यांच्या शरीरात रसायन एकच असतं. पहिला साधारणपणे आपली कामं करत जगतो. दुसरा काही आठवड्यांत त्या खड्यांभोवती फिरू लागू शकतो. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत नोरा वोल्को आणि सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेऊन याचा फार सुरेख पुरावा दिला. अतिचंचल मुलांना दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे औषध कोकेन जिथे काम करतं त्याच जागी काम करतं, आणि गोळीच्या नेहमीच्या मात्रेत तिथल्या निम्म्याहून अधिक जागा अडवतं. तरीही गोळी घेणाऱ्याला नशा होत नाही, कारण परिणाम तासाभरात हळूहळू चढतो. तेच औषध शिरेतून दिलं तर झिंग येते.

मेफेड्रोनचा फास इथेच आहे. नाकाने ओढलं की काही मिनिटांत चढतं आणि उतरतंही लवकर, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. भारतात ते फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं. त्याला शेत लागत नाही, ऋतू लागत नाही. रसायनशास्त्र जाणणारा माणूस, कच्चा माल आणि एक शेड पुरते. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी असे कारखाने पकडले, ते औद्योगिक महाराष्ट्रात असणं हा योगायोग म्हणता येत नाही.

मंद वेगाचेही धोके असतात. भांग पोटातून यकृतात जाते, तिथे टीएचसीचं अधिक प्रभावी रूप तयार होतं आणि अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात. होळीला पहिला पेला 'लागला नाही' म्हणून दुसरा घेणारा माणूस संध्याकाळी भेदरून दवाखान्यात येतो तो यामुळे. ही फसगत आहे, भीतीदायकही आहे. पण तलफ घडवायचं काम भांगेला फारसं जमत नाही.

मेंदूचं प्रत्युत्तर

रोजच बाहेरून रसायन येऊ लागलं तर मेंदू गप्प बसत नाही. गणेशोत्सवात घरासमोर डीजे लागला की आपण खिडक्या लावून घेतो. तसे मेंदू आपले रिसेप्टर कमी करतो, त्यांचा प्रतिसाद बोथट करतो, उलट दिशेच्या यंत्रणा वाढवतो. मग तेवढ्याच मात्रेने काही होत नाही, मात्रा वाढवावी लागते. आणि डीजे एकाएकी बंद झाला तरी खिडक्या मिटलेल्याच राहतात. साधं जेवण, मित्रांच्या गप्पा, मुलांचं हसणं यांचा आवाज आत पोचत नाही. व्यसन सोडलेल्या माणसाला पहिले काही महिने सगळं बेचव का वाटतं, त्याचं कारण हे आहे.

यातून एक सोपा नियम निघतो: पदार्थ जे करतो, त्याच्या बरोबर उलट त्याच्या अभावी होतं. अफूने बद्धकोष्ठ होतं, ती तुटली की जुलाब. अफूने वेदना शमतात, तिच्याविना हाडं फुटल्यासारखी दुखतात. बाहुल्या बारीक होत्या त्या विस्फारतात. नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो. गर्द घेणारे यालाच 'टर्की' म्हणतात. चहा सोडला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, ते याच नियमाचं सौम्य रूप.

दारूच्या बाबतीत हा नियम जीवघेणा ठरतो. वर्षानुवर्षं दाबला गेलेला मेंदू दारू थांबताच उसळतो. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, ताप, धडधड आणि भ्रम सुरू होऊ शकतो. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. गर्दची टर्की भयंकर असते, पण एरवी धडधाकट माणसाचा जीव ती क्वचितच घेते. दारूची घेऊ शकते. म्हणून जुन्या पिणाऱ्याला खोलीत कोंडून 'आजपासून बंद' करणं ही मोठी चूक आहे. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर दिसतात, त्या पुड्यांत काय असतं ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं औषध खरोखर वापरलं जातं. ते घेऊन दारू प्यायली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला हे माहीत असणं हाच त्या उपचाराचा पाया आहे. आमटीत लपवून दिलं तर ते विष ठरू शकतं. जुन्या पिणाऱ्यांत बी-१ जीवनसत्त्वही खालावलेलं असतं. ते वेळेत दिलं नाही तर चाल बिघडते, नजर अस्थिर होते आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाते. माणूस गळून गेलेल्या आठवणींच्या जागी नकळत कहाण्या रचत राहतो.

तोच डोस, वेगळी खोली

कॅनडात शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या सगळ्या चित्रात एक अनपेक्षित गोष्ट भरतो. उंदरांना वाढत्या मात्रेत हेरॉइन देऊन सरावलं गेलं. मग सगळ्यांना एकच मोठा डोस दिला: काहींना नेहमीच्या खोलीत, काहींना जिथे हेरॉइन कधी मिळालं नव्हतं अशा खोलीत. पूर्वी कधीच हेरॉइन न मिळालेल्यांपैकी ९६ टक्के मेले. सरावलेल्यांपैकी नेहमीच्या खोलीत ३२ टक्के मेले, दुसऱ्या खोलीत ६४ टक्के. डोसाशी जोडलेली जागा दिसताच शरीर डोस येण्याआधीच तयारीला लागतं. जागा बदलली की तयारी होत नाही. जुन्या कट्ट्यावर, जुन्या मित्रांत गेल्यावर बऱ्या झालेल्या माणसाला एकाएकी टर्कीसारखं का होतं, तेही यावरून कळतं. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर पडल्यावर जुनाच डोस घेणाऱ्याचा जीव जाण्याचा धोका फार वाढतो, कारण सराव मोडलेला असतो आणि हात मात्र जुन्याच अंदाजाने चालतो.

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास हीच गोष्ट माणसांत दाखवतो. तिथे सुमारे वीस टक्के शिपाई हेरॉइन-अफूच्या आहारी गेले होते. सरकार धास्तावलं होतं. पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. युद्ध नव्हतं, तो तळ नव्हता, हेरॉइन हाताशी नव्हतं. या एका अभ्यासावरून 'परिस्थिती बदलली की व्यसन सुटतं' असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. गरिबी, बेकारी, एकटेपणा यांतच राहणाऱ्याला घरी परतायची अशी सोय नसते.

माणसामाणसांत जन्मजात फरकही असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या प्रवृत्तीत निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक दिसतो. पूर्व आशियातल्या अनेकांत दारू मोडणारं एक विकर मंद असतं. दोन घोटांत चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि त्या त्रासामुळे ते दारूच्या व्यसनापासून बरेच वाचतात. वय तर फारच महत्त्वाचं. आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, तलफेची यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हुंगायच्या पदार्थांचं, म्हणजे व्हाइटनर, डिंक, पेट्रोल यांचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के निघालं. प्रौढांपेक्षा मुलं पुढे असलेला हा एकच प्रकार. फलाटावरच्या मुलाला दहा-वीस रुपयांत मिळणारं द्रावण फुफ्फुसातून सेकंदांत मेंदूत जातं, आणि हृदयाची लय बिघडवून पहिल्याच वेळी प्राणही घेऊ शकतं.

मग सर्वांत घातक कोण?

इथे वेग आणि हानी यांची गल्लत टाळायला हवी. व्यसन किती लवकर जडेल ते वेगावर बरंच ठरतं; शरीर किती खंगेल ते मात्रा, वर्षं आणि पदार्थासोबत येणाऱ्या विषांवर. ओठामागचा बार सिगरेटपेक्षा मंद, पण तो तासन्‌तास एकाच जागी राहतो आणि त्यातली नायट्रोसअमाइन्स तिथल्या पेशी बिघडवतात. खर्रा, मावा, गुटखा यांतल्या सुपारीने गालाचं अस्तर कडक होत जातं, मग तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत. हीच पुढे कर्करोगाची पायरी ठरू शकते. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात साधारण चारांतला एक प्रौढ तंबाखू घेताना आढळला, आणि त्यांतले बहुतेक जण धूर न काढता. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पुडी अजूनही मिळते.

ब्रिटनमध्ये डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वीस पदार्थांना एकूण हानीनुसार गुण दिले. दारू ७२ गुणांनी पहिली आली, हेरॉइन ५५, जाळून ओढायचं कोकेन ५४. यावर आक्षेपही आले. दारू पिणारे कोट्यवधी असल्यामुळे समाजाची एकूण हानी फुगते. एका माणसापुरतं पाहिलं तर हेरॉइन अधिक घातक. आक्षेप रास्त आहे. पण दवाखान्यांत, न्यायालयांत, घराघरांत ओझं कशाचं आहे ते त्या आक्षेपाने बदलत नाही. एम्सच्या सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थ घेणारे २.२६ कोटी आहेत.

कायद्याची विभागणी या हानीच्या हिशेबाने झालेली नाही. ती इतिहास, महसूल आणि आंतरराष्ट्रीय करार यांतून घडली आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजाला कडक शिक्षा देतो आणि त्याच झाडाची पानं व्याख्येबाहेर ठेवतो. त्याच कायद्याच्या धाकाने कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणं वर्षानुवर्षं दुरापास्त झालं होतं, आणि तेही कायदेशीर अफू पिकवणाऱ्या देशात. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला मोजून-मापून दिलेलं मॉर्फिन आणि पुलाखाली ओढलेली गर्द एकाच कुळातली, हे कळलं की 'पदार्थ चांगला की वाईट' हा प्रश्नच तोकडा वाटू लागतो. भूल देण्यासाठी वापरलं जाणारं केटामिन औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात उपयोगी पडतं, आणि त्याचं एक रूप अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. अळंब्यांतल्या सिलोसिबिनवर प्रयोग चालू आहेत. ते देखरेखीखाली, ठरावीक वेळा, तयारी करून दिलं जातं. पार्टीत घेतलेल्या मात्रेचा अनुभव त्याच्याशी जुळत नाही.

उपचार म्हणजे वेग उतरवणं

वेगाचं म्हणणं खरं असेल तर तोच रेणू संथ केल्यावर व्यसनाऐवजी उपचार व्हायला हवा, आणि तसं होतंही. निकोटिनचा पॅच त्वचेतून दिवसभर थोडं थोडं निकोटिन सोडतो. तलफ शमते, झिंग येत नाही, आणि पॅचचं व्यसन सहसा लागत नाही. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी अफूच्याच रिसेप्टरवर बसते, पण अर्धवट जोराने आणि दीर्घकाळ. टर्की टळते, सुई सुटते, एचआयव्ही आणि कावीळ यांचा धोका कमी होतो, माणूस कामावर जाऊ शकतो. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असा यावर आक्षेप घेतला जातो. पण दिवसातून चार वेळा चढउतार सोसणारा मेंदू आणि दिवसभर एका पातळीवर राहणारा मेंदू यांत मोठा फरक आहे.

औषधाने जागा धरून ठेवता येते. पुढचं काम बोलण्याचं, सोबतीचं आणि वेळेचं. गर्दच्या लाटेतच १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मेंदूच्या बाजूने पाहिलं तर तिथल्या समूहोपचाराला, घरच्यांच्या सहभागाला आणि नंतरच्या पाठपुराव्याला ठोस आधार आहे. मेथॅम्फेटामिन सोडलेल्यांच्या मेंदूची चित्रं काढली तेव्हा डोपामिनच्या यंत्रणेत लक्षणीय सुधारणा दिसायला वर्षाहून अधिक काळ लागल्याचं आढळलं. मेंदू सावरतो, पण त्याला लागणारा वेळ केंद्रातल्या मुक्कामापेक्षा खूप मोठा असतो. मधल्या काळात घसरण होणं मधुमेही माणसाची साखर पुन्हा चढण्याइतकंच अपेक्षित आहे. साखर चढली म्हणून कुणी त्याचे उपचार बंद करत नाही.

आपल्याकडे मात्र उपचारांपर्यंत पोचणारेच मोजके आहेत. एम्सच्या त्याच पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला आढळला. जो पोचतो त्याच्या बाबतीतही 'काय घेतोस' या एका प्रश्नावर चौकशी थांबून चालत नाही. कसं घेतोस, किती वर्षांपासून, सोबत झोपेच्या गोळ्या किंवा आणखी काही आहे का, आणि एक दिवस चुकला तर काय होतं, हे विचारावं लागतं. झोपेच्या गोळ्या आणि अफूजन्य पदार्थ एकत्र असतील तर श्वासाचा धोका ओळखायचा असतो. एक दिवस चुकल्यावर हात थरथरत असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर घरी सोडवायचा हट्ट न धरता दवाखान्यात भरती करून औषधांच्या आधाराने दारू उतरवायची असते. हे प्रश्न मानसोपचारतज्ज्ञालाच विचारता येतात असं नाही. गावातल्या आशाताई, कारखान्याचा डॉक्टर, शाळेतले सर आणि घरचं माणूस यांनाही ते विचारता येतील, आणि ३८ पैकी उरलेल्या ३७ जणांना सर्वांत आधी भेटणार ते हेच लोक.